दोन रेघांची पट्टी

इस्पितळाच्या तळघरातल्या शोकदालनात मयताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात जास्त घाम फुटला होता तो व्यवस्थापक बांग यांना. बाहेरच्या पडद्यावर म्हातारीचा फोटो आला होता, नाव आलं होतं, चर्चचं नाव आलं होतं. फक्त 'कर्ता' या शब्दापुढची जागा रिकामी होती. तिला शवपेटीत ठेवायची वेळ जवळ आलेली, आणि कर्त्यानं आधी आत जाऊन निरोप घेतल्याशिवाय बाकीच्यांना आत सोडायचं नाही, ही रीत.

"साहेब, कर्त्याचं नाव सांगता ना?" बांगनी कालपासून कितव्यांदा तरी विचारलं.

"लिहा," तिचे चार म्हातारे मुलगे एकदम म्हणाले. मग चौघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि नाव तसंच राहिलं.

बांगच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात दंडावर बांधायच्या सुती पट्ट्या होत्या. एका काळ्या रेघेच्या हव्या तेवढ्या. दोन रेघांची मात्र एकच. ती कर्त्याची, म्हणजे थोरल्या मुलाची. गुन्सानमध्ये कुठल्याही मयताला जा, दोन रेघांची पट्टी बघायची आणि त्या माणसासमोर आधी मान लववायची, एवढं पोरासोरांनाही कळतं.

मारदा हे सगळं सुपाच्या पातेल्यापाशी उभी राहून ऐकत होती. मयताला आलेल्यांना वाढायचं लाल तिखट सूप शोकदालनाच्या स्वयंपाकघरातून यायचं, ते तिला कालपासून पटलेलं नव्हतं. मुळा जाड चिरलेला, मीठ नावाला. आई असती तर पातेलं परत पाठवलं असतं, आणि वर तिलाच बोलली असती, "मारदा, तुझं लक्ष कुठं असतं गं?" पन्नासेक वर्षं हे वाक्य ऐकून तिचे कान किटले होते. कालपासून ते ऐकू आलं नव्हतं, म्हणून ती डाव हातात धरून नुसतीच उभी होती.

हे चौघं आणि मारदा, या पाचांचं सगळं गावाला तोंडपाठ होतं. लढाईच्या हिवाळ्यात ही म्हातारी, दोकसिलबाई, निर्वासितांच्या बोटीवर चढली तेव्हा तिच्या पाठीला एक तान्हं बांधलेलं होतं. थंडीमुळं ते नाकापर्यंत गुंडाळलेलं, त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. नवरा आघाडीवर गेलेला, तो परत आलाच नाही. बोट गुन्सानला लागली तेव्हा बाईच्या पाठीवर काहीच नव्हतं, आणि हातातल्या मासळीच्या टोपलीत पाच मुलं रडत होती. वाटेत ज्यांच्या आया गेल्या ती तिनं उचलली, आणि आपलं त्यांच्यात ठेवून दिलं. "प्रभूनं मला पाच दिली, मी पाच घेतली," एवढंच ती म्हणाली. त्यातलं तिच्या पोटचं कोणतं, हे तिनं पाळकालाही सांगितलं नाही. कचेरीतल्या कारकुनानं बोट लागली तो दिवस पाचांचाही जन्मदिवस म्हणून लिहिला, प्यो हे आडनाव पाचांनाही लावलं, आणि मोकळा झाला. पुढं तिचं 'पहाट-घर' हे अनाथालय उभं राहिलं, शेकडो पोरं आली नि गेली. पहिली मात्र हीच पाच: योसेप, बाउल, शीमोन, दानिएल आणि मारदा.

आता या देशात दोन माणसं भेटली की आधी वय विचारतात, म्हणजे कुणी कुणाला मान द्यायचा ते ठरतं. आणि हे पाच जण जन्मभर एकमेकांना अरे-तुरे करत आले, कारण दादा म्हणायचं कुणाला तेच ठरत नव्हतं. आईला ते तसंच हवं होतं. एकदा योसेपनं लहानपणी बाउलकडून जबरदस्तीनं 'दादा' म्हणवून घेतलं, तर तिनं दोघांनाही जेवण दिलं नव्हतं.

"यात चर्चा कसली?" योसेपनं कोट झटकला. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, चर्चच्या वडीलमंडळात मानाचा, बोलताना समोर वर्ग असल्यासारखा बोलायचा. "टोपलीत असताना मला दोन दात होते. आईनं स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे मी थोरला."

"मला तीन होते," बाउल म्हणाला. तो मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं.

"तुझा तिसरा दात काल रात्रीच आला वाटतं?"

"आणि तुझे दोन्ही पडले की रे आता! कवळी लावून थोरलेपणा सांगतोस?"

"भाऊजी, जरा हळू," योसेपची बायको इनजा मध्ये पडली. "बाहेर महापौरांकडून फुलं आलीत. लोक काय म्हणतील? ह्यांनीच चर्चमध्ये इतकी वर्षं आईंचा हात धरून नेलं-आणलं. पट्टी ह्यांनाच शोभते."

"वहिनी, हात धरून मीही नेलं असतं. पण पुढच्या बाकावर जागा तुम्हीच अडवून ठेवलेली असायची."

शीमोननं डोंगरातल्या बौद्ध घरात लग्न केल्यापासून योसेप त्याच्याशी जपूनच वागायचा. काल त्यानं फोटोसमोर जुन्या पद्धतीनं जमिनीला डोकं टेकलं, तेव्हा योसेपनं त्याची कॉलर धरून त्याला उठवलं होतं. ख्रिस्ती मयताला फूल ठेवायचं, लोटांगण घालायचं नाही. शीमोन शांतपणे म्हणाला, "पट्टी मी बांधतो. का, ते विचारू नका. कारण सांगितलं तर तुम्हालाच वाईट वाटेल."

"आम्हाला?" बाउल हसला. "अरे, मी तोंड उघडलं तर तुम्ही तिघं इथंच बसून रडाल. म्हणून गप्प आहे मी. दया येते म्हणून."

"दया तुला येते?" योसेपचा आवाज चढला. "मी जन्मभर तुमची दया करत आलो आहे!"

मारदानं डाव खाली ठेवला. हे काय चाललं होतं, ते तिला कळेना. पट्टीसाठी भांडण होणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पण हे चौघं भांडत होते आणि वर चौघांच्याही चेहऱ्यावर दुसऱ्याबद्दल कीव होती. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशा नजरेनं ते एकमेकांकडे बघत होते.

कोपऱ्यात पाळक तांदळाचा गोड केक खात बसले होते. त्यांनी तोंड पुसलं आणि सुरुवात केली, "बंधूंनो, शलमोन राजासमोर जेव्हा दोन बायका एक मूल घेऊन आल्या, तेव्हा राजा म्हणाला, मुलाचे दोन तुकडे करा..."

"पाळकसाहेब," बाउल म्हणाला, "इथं मुलं चार आणि आई एकच आहे. तिचे तुकडे करायचे का?"

पाळकांनी दुसरा केक उचलला.

मग बाउलच्या मुलीला, ह्योरिनला, सुचलं. ती याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. "आबा, एवढं कशाला? एकेक केस द्या मला. आजीचा एक घेऊ. आठवड्यात कळेल आजीच्या पोटचं कोण ते."

सकाळपासून पहिल्यांदा चौघांचं एकमत झालं. योसेपनं टोपी घातली, दानिएलनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, शीमोन दोन पावलं मागं सरला. "खबरदार!" बाउल स्वतःच्या लेकीवर ओरडला. त्याच्या डोक्यावर केस नव्हतेच, तरीही त्यानं टक्कल झाकलं.

ह्योरिन चकित होऊन मारदाकडे बघत राहिली. "आत्या, ह्यांना झालंय तरी काय?"

"भूक लागली असेल," मारदा म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

दानिएल सगळ्यांत हळवा. सोलमध्ये टॅक्सी चालवायचा आणि गिऱ्हाईक रडलं तर गाडी बाजूला घेऊन त्याच्याबरोबर रडायचा. त्याच्या पोटात गोष्ट टिकायची नाही. टिकली होती ती एकच, आणि तीही आता बाहेर पडली. तो मटकन खाली बसला.

"मला आता सहन होत नाही. आईनं मला सांगितलं होतं. मीच तो. पाठीवरचा."

बांग खोकं घेऊन तिथंच थिजले.

"काय सांगितलं?" बाउलनं विचारलं. त्याचा लिलावाचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "तिचे शब्द सांग. जसेच्या तसे."

"मी शाळेत मार खाऊन आलो होतो. पोरं बेवारशी म्हणाली होती. तिनं मला कोठारात नेलं, माझा कान चोळला आणि म्हणाली, 'वेड्या, तू माझ्या पोटचा आहेस. बाकीच्यांना सांगू नकोस, बिचाऱ्यांना वाईट वाटेल. त्यांना कुणी नाही. त्यांना सांभाळून घे.'" दानिएलनं नाक ओढलं. "मी जन्मभर सांभाळून घेतलं."

"डावा कान की उजवा?" शीमोननं विचारलं.

"डावा."

शीमोन स्वतःच्या डाव्या कानाला हात लावून बसला. योसेपनं टोपी काढली. बाउल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय की हसतोय, ते पाठीवरून कळत नव्हतं.

"कोठारात?" योसेप म्हणाला. "मुळ्याच्या लोणच्याच्या माठांमागं?"

"हो."

"आणि मग तिनं सुका खजूर दिला?"

"दोन दिले."

"मला एकच दिला," योसेप म्हणाला, आणि त्या एका खजुराचं त्याला आता या वयात इतकं वाईट वाटलं की तो खालीच बसला.

मग सगळंच बाहेर पडायला लागलं. योसेपनं धाकट्या वर्गात असल्यापासून स्वतःच्या वह्या बाउलला का दिल्या? बाउलला कुणी नव्हतं म्हणून. बाउल दर सणाला तिघांच्या घरी उत्तम पिवळ्या मासळीची जुडी का पाठवायचा? बिचारे पोरके म्हणून. योसेप ती मासळी का घ्यायचा? त्या पोरक्याला तेवढंच समाधान म्हणून. आणि शीमोननं तर दानिएलला आपलं मूत्रपिंडच दिलं होतं.

"मी म्हटलं, ह्याला माझ्याशिवाय कोण आहे?" शीमोन म्हणाला. "मला निदान आई होती."

"आणि मी ते घेतलं," दानिएल म्हणाला, "कारण म्हटलं, नको म्हटलं तर हा बिचारा मनाला लावून घेईल. त्याला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं वाटू दे."

"अरे गाढवा, उपकार माझे का तुझे?"

"आता ते कसं सांगणार?"

बाउल भिंतीपासून वळला. तो रडतही होता आणि हसतही होता. "काय बाई होती! चर्चमध्ये इतकी वर्षं खोटं बोलू नका म्हणून मुलांना घोकवून घेतलं, आणि स्वतः चार वेळा तेच खोटं!"

"तीन वेळा," योसेप म्हणाला. जुना मास्तर तो, हिशेब चुकलेला त्याला चालत नसे. "एक तर खरं असेल ना."

हे मात्र सगळ्यांना पटलं. चौघांनी पुन्हा एकमेकांकडे बघितलं. मघाची कीव आता नव्हती, आणि तिच्याशिवाय ते चौघंही उघडे पडल्यासारखे दिसत होते. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर माणूस दिलदार झाला, ते त्याचं एकट्याचं नव्हतंच. पण एक खरा होता, आणि तो आपणच असू, एवढी आशा चौघांच्याही तोंडावर स्पष्ट दिसत होती. तेवढीच आता उरली होती.

मारदा पातेल्याच्या वाफेत उभी राहून आठवत होती. ती मनातल्या मनात कोठारात गेली, मुळ्याचे माठ बघितले, प्रत्येक माठाचं झाकण तिच्याच हातचं होतं. आईनं तिला तिथं शेकडो वेळा नेलं होतं. माठ घासायला, मीठ उपसायला. कान तर कितीदा तरी धरला होता, पण तो पिळायला. "मारदा, तुझं लक्ष कुठं असतं गं?" खजूर नाही, एक गोड शब्द नाही. कपडे आले की सगळ्यांत शेवटी तिला. मांसाचा तुकडा ताटात पडला की उचलून दुसऱ्याच्या ताटात. शाळेतून ती कितीदा तरी रडत आली होती. आई म्हणायची, "तोंड धू आणि तांदूळ निवड."

म्हणून तर ती जन्मभर खात्रीनं धरून चालली होती की आपण कुठून तरी उचललेलो. बाकी कुणी असेल-नसेल, आपण नक्की नाही. आणि गावानं तिला त्या मोजणीत धरलंच नव्हतं. पाठीवरचं मूल म्हणजे मुलगा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. बघितलं तर कुणीच नव्हतं.

आई सगळ्यांना खोटं बोलली. तिला मात्र बोलली नाही.

मारदाचा हात पातेल्याच्या काठाला लागला, चटका बसला, तरी तिनं तो लगेच काढला नाही. ज्याला आई नाही, त्याला आई आहे असं सांगावं लागतं. जिला आहे, तिला काय सांगायचं? तिला तांदूळ निवडायला सांगायचं. दुसऱ्याला वाढायचं, तर ते आपल्याच माणसाच्या ताटातून काढून. किंवा मग हेही असेल की पाचांतली ही एकच अशी, जिच्यासाठी एक खोटं बोलण्याचेही कष्ट त्या बाईनं घेतले नाहीत. दोन्ही खरं असू शकत होतं. विचारायचं कुणाला? जिला विचारायचं ती पलीकडच्या खोलीत पांढऱ्या कापडाखाली होती. मारदाला आईचा इतका राग आला, आणि ती इतकी हवीशी वाटली, की डोळ्यांपुढचं दिसेना.

"मारदा," शीमोननं हाक मारली. तो चौघांत सगळ्यांत विचारी. "तू काहीच बोलली नाहीस. तुला काय सांगितलं होतं आईनं?"

चौघंही तिच्याकडे वळले. इनजा वळली, ह्योरिन वळली, पाळकांचा केक हातातच राहिला.

'काही नाही' म्हणायचं, एवढंच होतं. खरं तेच होतं. पण त्याचा अर्थ शीमोनला कळायला किती वेळ लागला असता? त्यानंतर योसेपला, बाउलला, सगळ्यांत शेवटी दानिएलला. चार म्हातारे या तळघरात, आईला पेटीत ठेवायच्या आधी, पुन्हा त्या टोपलीत जाऊन पडले असते. दानिएल तर तिच्याकडे बघत बसला होता, तोंड उघडं टाकून.

मारदानं आयुष्यात खोटं बोलून बघितलं नव्हतं. तिला वेळच मिळाला नव्हता. "मलाही तेच," ती म्हणाली. "कोठारात. तू माझ्या पोटची, म्हणाली. बाकीच्यांना सांगू नकोस म्हणाली."

"खजूर?" योसेपनं विचारलं.

"हो."

"किती?"

"तीन," मारदा म्हणाली.

तिथंच ती फसली. चौघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मघाशी हरवलेली ती कीव भरभरून परत आली. यावेळी चौघांची मिळून, एकटीसाठी.

"मारदा," बाउल जवळ येऊन हळू म्हणाला, आणि तो हळू बोलू शकतो, हे सगळ्यांना तेव्हा कळलं. "अगं, आमच्यापाशी कशाला खोटं? नाही सांगितलं तर नाही सांगितलं."

"सांगितलं!" मारदा म्हणाली. कान तापले होते.

"तुला खजूर आवडत नाही," शीमोन म्हणाला. "लहानपणापासून."

"आईच्या लक्षातच राहिलं नसेल गं," योसेप म्हणाला. "तू सारखी तिच्या जवळच असायचीस. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. मनाला लावून घेऊ नकोस."

दानिएलनं तिचा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हुंदके द्यायला लागला. "हिलाच तेवढं... हिला एकटीलाच... अरे, किती वाईट दिसतंय ते!"

मारदाला ओरडावंसं वाटलं. अरे मूर्खांनो, म्हणावंसं वाटलं. बोलण्यासाठी तोंडही उघडलं. समोर चार चेहरे होते, सुरकुतलेले, रडवेले, आणि पुन्हा एकदा मोठ्या मनाचे झालेले. तिनं तोंड मिटलं.

"वन्सं," इनजानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि नवऱ्याकडे बघून डोळ्यानं खूण केली. आतापर्यंत नवऱ्यासाठी भांडणारी ती, पण तिलाही बिचारीची दया आली होती.

योसेपनं घसा खाकरला. "मी एक सुचवतो. आपल्या चौघांना निदान ते ऐकायला तरी मिळालं. खरं कुणाचं, ते प्रभूला ठाऊक. पण हिला काहीच मिळालं नाही. पट्टी हिला देऊ."

"बरोबर," बाउल म्हणाला.

"मी तेच म्हणणार होतो," शीमोन म्हणाला. दानिएलला बोलवत नव्हतं, त्यानं नुसती मान हलवली.

"बाईमाणूस कर्ता?" बांगच्या हातातलं खोकं डगमगलं. "मुलगे असताना? इथं असं कधी झालेलं नाही हो."

"आता झालं," योसेप मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाला. "पाळकसाहेब?"

"आमेन," पाळक घाईनं म्हणाले.

योसेपनं खोक्यातून दोन रेघांची पट्टी काढली. मारदाच्या काळ्या सदऱ्याच्या बाहीवर ती बसेना. बाही सुपानं ओली झाली होती. मग बाउलनं बाही धरली, शीमोननं टाचणी लावली, दानिएलनं ती वाकडी लागली म्हणून परत काढली आणि सरळ लावली. चार म्हातारे एका दंडाभोवती घाम गाळत होते.

"नातं काय लिहू?" बांगनी विचारलं.

"मुलगी," चौघांनी एकदम सांगितलं.

बांग बाहेर गेले. थोड्या वेळानं पडद्यावर नाव उमटलं, सगळ्यांच्या वर: प्यो मारदा, मुलगी. खाली मग चौघांची नावं एका ओळीत. ते सगळे दाराशी जाऊन बघून आले.

"खूश?" बाउलनं विचारलं.

"खूश," मारदा म्हणाली.

"तूही तिचीच हं," दानिएल म्हणाला. "असं काही मनात आणू नकोस. आम्ही आहोत ना तुला."

"आहात रे बाबांनो," ती म्हणाली. तिनं त्याच्या कोटावरचा केकचा चुरा झटकला, चौघांना तिथंच थांबायला सांगितलं, आणि पलीकडच्या खोलीचं दार ढकलून ती एकटी आपल्या आईला भेटायला आत गेली.